विश्लेषण : जर्मन, जपानी की स्पॅनिश? व्यापारातील करिअरसाठी परकीय भाषा कशी निवडावी?

दहावी-बारावीचा निकाल लागला की पुण्या-मुंबईतील परकीय भाषा वर्गांत चौकशी वाढते. ‘कोणत्या भाषेला स्कोप आहे?’ हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. मात्र कामापुरती भाषा येण्यासाठी दोन ते चार वर्षे आणि बऱ्यापैकी पैसा जातो. निवड चुकली तर हाती केवळ प्रमाणपत्र उरते. म्हणूनच भाषा निवडण्यापूर्वी काही गोष्टी तपासून पाहायला हव्यात.

हा प्रश्न आता का महत्त्वाचा?

परदेशी नोकऱ्यांबाबत सरकारी पातळीवर हालचाली वाढल्या आहेत. जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याची घोषणा केली. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने कुशल मनुष्यबळ पुरवण्यासाठी बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी करार केला. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपानने पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून पाच लाख लोकांच्या देवाणघेवाणीचे उद्दिष्ट ठेवले. त्यात भारतातून जपानला जाणाऱ्या ५० हजार कुशल व अर्धकुशल कामगारांचा समावेश आहे. अर्थात, करार म्हणजे नियुक्तिपत्र नव्हे. उद्दिष्ट सरकारचे असते, नोकरी मात्र तिथला मालक देतो आणि तो आधी भाषेची पातळी विचारतो.

जर्मन कोणासाठी?

अभियांत्रिकी, वाहन उद्योग, यंत्रसामग्री आणि आरोग्यसेवा या क्षेत्रांत जाणाऱ्यांसाठी. चाकणमध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने आहेत, त्यामुळे जर्मनीला न जाताही या भाषेचा उपयोग होऊ शकतो. जर्मनीत संगणक क्षेत्रातील काही नोकऱ्या इंग्रजीवर मिळतात. परिचारिकेला मात्र साधारणपणे बी-२ पातळी गाठावी लागते, कारण तिथे रुग्णाशी बोलणे हाच कामाचा भाग आहे. ए-१ किंवा ए-२ पूर्ण करून थांबणाऱ्यांना बाजारात फारसा उठाव नाही.

जपानीचे गणित वेगळे का?

जपानी कंपन्यांचा अंतर्गत पत्रव्यवहार, नकाशे आणि गुणवत्ता अहवाल अजूनही मोठ्या प्रमाणात जपानीतच असतात. त्यामुळे दुभाषे आणि ‘ब्रिज इंजिनीअर’ यांना मागणी राहते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसारख्या प्रकल्पामागेही जपानी तंत्रज्ञान आणि कर्ज आहे. जेएलपीटी या परीक्षेत एन-५ ही सर्वांत खालची, तर एन-१ ही सर्वांत वरची पातळी. जपानच्या ‘विशिष्ट कुशल कामगार’ व्हिसासाठी भाषेची अट साधारण एन-४ इतकी आहे. कार्यालयीन कामासाठी मात्र सहसा एन-२ विचारली जाते. या दोहोंमधले अंतर बरेच मोठे असून अनेक विद्यार्थी नेमके तिथेच गळतात.

फ्रेंच, स्पॅनिश आणि पोर्तुगीजचे काय?

फ्रेंच म्हणजे फक्त पॅरिस असे समजणे चूक ठरेल. पंचवीसहून अधिक देशांची ती राजभाषा आहे आणि त्यांतील बरेचसे देश आफ्रिकेत आहेत. औषधे, शेती अवजारे, दुचाकी यांची निर्यात करणाऱ्याला सेनेगल किंवा आयव्हरी कोस्टमध्ये ती उपयोगी पडते. कॅनडात स्थायिक होऊ इच्छिणाऱ्यांना फ्रेंचचे वेगळे गुणही मिळतात. स्पॅनिश सुमारे २० देशांची राजभाषा असून मेक्सिको ते अर्जेंटिना हा जवळपास सलग पट्टा तिने जोडलेला आहे. मात्र त्यातील ब्राझीलमध्ये पोर्तुगीज चालते. पुण्याच्या बजाज ऑटोने २०२४ मध्ये ब्राझीलमधील मनाऊस येथे कारखाना सुरू केला. गोव्यात पोर्तुगीज शिकण्याची परंपरा आहे, पण तिच्याकडे व्यापाराची भाषा म्हणून क्वचितच पाहिले जाते.

चिनी शिकणे जोखमीचे आहे?

२०२० मध्ये चिनी गुंतवणुकीवर निर्बंध आले, त्यानंतर गलवान संघर्ष झाला आणि अनेकांनी या भाषेकडे पाठ फिरवली. व्यापार मात्र थांबला नाही. २०२४-२५ मध्ये भारताने चीनकडून ११३ अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा माल आयात केला. म्हणजे इथे गरज विकणाऱ्यापेक्षा खरेदी करणाऱ्याची आहे. यंत्राचे सुटे भाग किंवा रसायने मागवणाऱ्या कंपनीला पुरवठादाराशी थेट बोलणारा माणूस हवा असतो. राजकीय संबंधांची जोखीम खरी आहे, पण स्पर्धा कमी हा फायदाही तितकाच खरा.

मराठी माणसाला कोणती भाषा सोपी?

अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या अंदाजानुसार इंग्रजी भाषकाला स्पॅनिश, फ्रेंचसाठी साधारण ६०० ते ७५० तास, तर जपानी, चिनी, अरबीसाठी सुमारे २,२०० तास लागतात. मराठी भाषकाला हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. जपानीत मराठीप्रमाणेच क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नामाला मागून प्रत्ययासारखे शब्द लागतात. त्यामुळे वाक्यरचना लवकर अंगवळणी पडते. खरी कसोटी कांजी लिपीची. जर्मनमध्ये मराठीसारखी तीन लिंगे आहेत. ‘खुर्ची ती, टेबल ते’ हे ज्याला लहानपणापासून ठाऊक आहे, त्याला निर्जीव वस्तूंच्या लिंगांचे नवल वाटत नाही, पाठांतर मात्र चुकत नाही.

प्रमाणपत्र पुरेसे आहे?

नाही. जेएलपीटीत बोलण्याची आणि लिहिण्याची परीक्षाच नसते. त्यामुळे एन-३ उत्तीर्ण उमेदवार मुलाखतीत अडखळतो, हे अनेकदा घडते. शिवाय साध्या पत्रांचे भाषांतर आता एआय काही सेकंदांत करते. केवळ भाषांतरावर पोट भरण्याचा मार्ग त्यामुळे अरुंद होत आहे. पण बिघडलेल्या मालाची तक्रार सोडवणे, भावावर घासाघीस करणे, समोरच्याच्या ‘विचार करतो’ या उत्तरात नकार आहे हे ओळखणे, यासाठी माणूसच लागतो. भाषेबरोबर लेखाकर्म, पुरवठा साखळी, औषधनिर्माण किंवा संगणक असे एखादे कौशल्य असेल तरच तिची किंमत वाढते.

मग निवड कशी करावी?

आधी क्षेत्र ठरवावे, मग भाषा. ज्या कंपन्यांत काम करायची इच्छा आहे त्यांच्या २०-२५ जाहिराती वाचून कोणती भाषा आणि कोणती पातळी मागितली आहे याची नोंद करावी. त्या पातळीपर्यंत शिकवणारी सोय जवळ आहे का, हे पाहावे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाचा विभाग आणि मॅक्सम्युलर भवन आहे; लहान शहरांतील विद्यार्थ्यांची भिस्त ऑनलाइन वर्गांवर राहते. ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या वर्गाकडे फी भरण्यापूर्वी ती हमी लेखी मागावी. आणि तीन भाषांची पहिली पायरी चढण्यापेक्षा एका भाषेत मधल्या पातळीच्या पुढे जाणे केव्हाही फायद्याचे.