संगणक फुकट चालेल, पण सांभाळणारा माणूस हवा





गेल्या काही महिन्यांत शाळेत सर्वांत जास्त चर्चा झाली ती संगणक कक्षाची. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. आपले बहुतेक संगणक त्याच प्रणालीवर चालतात आणि विंडोज ११ साठी लागणारा सुरक्षेचा भाग व नवा प्रोसेसर त्यांच्यात नाही. संगणक बंद पडलेले नाहीत. ते काल चालत होते, आजही चालतात. फक्त नव्या विषाणूंपासून त्यांना वाचवणारी नेहमीची दुरुस्ती यापुढे आपोआप येणार नाही.

यावर दोन मते पुढे आली. काही विश्वस्तांचे म्हणणे असे की जुने संगणक भंगारात द्यावेत आणि वर्गणी काढून नवे घ्यावेत. काही तरुण पालकांचे म्हणणे असे की लिनक्स ही मोफत प्रणाली बसवावी, तिच्यात मुलांसाठी शेकडो शैक्षणिक खेळ मिळतात, एक पैसा लागत नाही. आम्ही दुसऱ्या मताच्या बाजूचे आहोत. मात्र "एक पैसा लागत नाही" हे वाक्य आम्हाला मान्य नाही, आणि हा लेख त्याच वाक्यासाठी आहे.

आधी विद्यार्थ्यांसाठी थोडे. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची आतली लिखावट सर्वांना उघडी असते असे सॉफ्टवेअर. कोणीही ती वाचावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. मुलांसाठी अशी दोन नावे महत्त्वाची. एक जीकॉम्प्री. फ्रान्समधील ब्रुनो कुदोआँ या अभियंत्याने ते २००० साली सुरू केले. आज त्यात १८० पेक्षा जास्त खेळ आहेत. माऊस धरायला शिकण्यापासून अपूर्णांक, घड्याळ, विजेचे सर्किट, बुद्धिबळ, सर्व काही. दुसरे शुगर. ते मुळात "प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप" या मोहिमेच्या हिरव्या-पांढऱ्या लहान यंत्रासाठी बनले. २००८ साली वॉल्टर बेंडर यांनी शुगर लॅब्स ही वेगळी संस्था काढली आणि मग ते कोणत्याही संगणकावर, अगदी पेन ड्राइव्हवरूनही चालू लागले. शुगरची एक गोष्ट आम्हाला फार आवडते. त्यात मुलाने केलेले प्रत्येक काम आपोआप एका रोजनिशीत नोंदले जाते. मूल काय काय करून पाहते हे शिक्षकाला मागाहून वाचता येते.

ह्या शुगरचा आपल्या मराठी मुलांशी संबंध जुना आहे, हे पुष्कळांना माहीत नसेल. भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ती लॅपटॉप योजना नाकारली होती. तरीही २००७ च्या अखेरीस भारतातला तिचा पहिला प्रयोग झाला तो रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील खैरात-धनगरवाडा या वस्तीवरच्या मराठी शाळेत. पहिली ते चौथीची सुमारे बावीस मुले आणि शिक्षक एकच. मुंबईच्या मानखुर्दमधील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या अभ्यासकांनीही त्या मुलांच्या शिकण्याकडे लक्ष दिले. डोंगराकडेच्या वस्तीवरील मुलांच्या हातात प्रत्येकी एक संगणक आला, ही अभिमानाची गोष्ट आहे.

पण अभिमानाबरोबर हिशेबही करून पाहा. त्या यंत्राची आठवण (म्हणजे रॅम) २५६ एमबी आणि साठवण १ जीबी. शुगरची नवी आवृत्ती त्या काळी साधारण दर सहा महिन्यांनी येत असे. ती यंत्रावर चढवायची तर पेन ड्राइव्ह लावून, पडद्याजवळच्या खेळाच्या चारही कळा एकदम दाबून यंत्र सुरू करावे लागे. पूर्ण नव्याने बसवण्याची पद्धत वापरली तर मुलांचे आधीचे काम पुसले जाई. म्हणून ते आधी दुसरीकडे काढून ठेवणे आले. बावीस यंत्रे, चार इयत्ता, पोषण आहाराच्या नोंदी, आणि एकच माणूस. शाळा चालवणाऱ्या कोणालाही विचारा, त्या माणसाच्या दिवसात हे काम बसवायचे कुठे?

आपण म्हणाल, मग नवी आवृत्ती घेऊच नये, जुनी चालते ना! तसे होत नाही. सॉफ्टवेअर एकटे उभे नसते, ते दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या खांद्यावर उभे असते. शुगर पायथन नावाच्या संगणकीय भाषेत लिहिलेले आहे. त्या भाषेच्या दुसऱ्या पिढीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी कायमची संपली, आणि शुगर व त्यातले खेळ तिसऱ्या पिढीत आणण्यासाठी जगभरच्या स्वयंसेवकांना, त्यात भारतातले विद्यार्थीही होते, पुष्कळ राबावे लागले. जीकॉम्प्रीही २०१४ पासून पूर्णपणे नव्याने लिहावे लागले. जो जुन्यावर थांबला, त्याच्याकडे नवे खेळ येत नाहीत, दुरुस्त्या येत नाहीत, आणि एक दिवस नव्या यंत्रावर ते चालतच नाही.

बमरोली-पांडेसऱ्यात राहणाऱ्यांना हे जास्त समजावून सांगायची गरज नाही. लूम कोणी फुकट दिला तरी खात्यात मास्टर लागतोच. तार तुटली, शटल अडकले, बेल्ट सैल पडला तर बघणार कोण? लूम फुकट आला म्हणून मास्टरचा पगार वाचत नाही.

मराठी शाळेला याशिवाय एक आणखी काम पडते, आणि आमच्या मते खरा प्रश्न तिथेच आहे. नव्या आवृत्तीबरोबर नवी बटणे, नव्या सूचना येतात. त्या मूळ इंग्रजीत असतात. कोणीतरी बसून त्यांचे मराठी केले तरच पडद्यावर मराठी दिसते. नाही केले तर तेवढी ओळ इंग्रजीतच राहते. मराठीत भाषांतर केलेले खेळ चार-पाच वर्षे कोणी हातात घेतले नाहीत तर मध्येमध्ये इंग्रजी ठिगळे दिसू लागतात, आणि दुसरीतले मूल नेमके त्या ठिगळापाशी अडते. जीकॉम्प्रीत आवाजही असतात. "लाल रंगावर बोट ठेव" असे ऐकू यायचे तर प्रत्येक भाषेत ते वेगळे बोलून ध्वनिमुद्रित करावे लागते.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. त्यामुळे या शब्दांच्या गमती आमच्या नजरेत लवकर येतात. काम राखून ठेवण्याच्या बटणावर हिंदीत "सहेजें" असते, गुजरातीत "साचवो" आणि मराठीत "जतन करा". आपल्या मुलांना विचारले तर ती म्हणतात, "सर, सेव केलं." घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, बाजारात गुजराती, वर्गात मराठी. शिवाय २०२३ च्या कायद्याप्रमाणे गुजरातमधील सर्व शाळांत पहिली ते आठवी गुजराती शिकवणे बंधनकारक आहेच. अशा मुलांना "जतन" हा शब्द शिकवावा की "सेव" पुरे, यावर आमच्या शिक्षक खोलीत दोन तास वाद झाला! आमचे मत विचाराल तर शब्द शिकवावा, पण बटणावर चित्रही असावे. महत्त्वाची गोष्ट ही की असा वाद घालण्याचा अधिकार मुक्त सॉफ्टवेअरमध्येच आपल्याला मिळतो. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये जो शब्द आला तो आला.

आपली अडचण महाराष्ट्रातल्या शाळांपेक्षाही वेगळी आहे. आपली पुस्तके गुजरात राज्याच्या अभ्यासक्रमाची, फक्त भाषा मराठी. पुण्या-मुंबईत बालभारतीच्या पाठांवर बनलेले साहित्य आपल्याला पूर्णपणे लागू पडत नाही. सुरतच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी कोणी कंपनी वेगळे सॉफ्टवेअर बनवेल, अशी आशा आम्ही तरी ठेवत नाही. ग्राहक मोजकेच. ते आपल्यालाच बनवावे लागेल.

आणि हे होते, याचे दाखले आहेत. नेपाळमध्ये २००८ साली ललितपूर जिल्ह्यातल्या दोन शाळांपासून तेच हिरवे लॅपटॉप वापरायला सुरुवात झाली. तिथल्या ओएलई नेपाळ या संस्थेने यंत्र वाटून हात झटकले नाहीत. नेपाळच्या अभ्यासक्रमाप्रमाणे "ई-पाठ" नावाचे धडे नेपाळी भाषेत बनवले, शिक्षकांना तयार केले. लॅपटॉप जुने झाले, पण धडे साध्या संगणकावर चालत राहिले. केरळने २००१ मध्ये शाळांसाठी आयटी@स्कूल प्रकल्प काढला, पुढे सर्व शाळांत मुक्त प्रणाली आणली, आणि २०१७ पासून काइट ही सरकारी कंपनी ते काम पाहते. तिथे प्रशिक्षण देणारे बाहेरचे नाहीत. शाळेतल्याच शिक्षकांतून निवडलेले आहेत. प्रणालीची नवी आवृत्ती निघाली की ती बसवणारी, शिकवणारी माणसे आधीपासून जागेवर असतात. केरळकडे सरकार आहे, आपल्याकडे एक ट्रस्ट आहे, हे आम्ही विसरत नाही. तरी एका शाळेपुरती हीच पद्धत जमण्यासारखी आहे.

काही पालकांची शंका आहे की लिनक्स शिकून नोकरी कुठे मिळेल, ऑफिसात तर एक्सेल लागते. शंका योग्य आहे. लिबरऑफिसमध्ये बेरीज, तक्ते, आलेख तसेच होतात, आणि सूत्र कळलेल्या मुलाला दुसऱ्या प्रोग्रामची बटणे शोधायला वेळ लागत नाही. दहावीच्या मुलांसाठी दोन-तीन नवे विंडोजचे संगणक घ्यावेत, त्याला आमचा विरोध नाही. पण सगळा कक्ष त्यासाठी बदलण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची विनंती अशी. नव्या खरेदीसाठी जी रक्कम मनात धरली आहे, तिचा मोठा भाग माणसांवर खर्च व्हावा. दोन शिक्षकांना आठवड्यातून दोन-दोन तास अध्यापनातून मोकळे करावे आणि त्या तासांची व्यवस्था तासिका तत्त्वावर करावी. हे तास संगणक कक्षासाठीच राहतील. परीक्षेच्या याद्या, जनगणना, निवडणुकीची कामे त्यांत शिरणार नाहीत, याची जबाबदारी आम्ही घेतो. राहिलेल्या रकमेतून रॅम, एसएसडी, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि मुलांचे काम साठवायला दोन बाहेरच्या डिस्क घ्याव्यात. नवी आवृत्ती वर्षातून दोनदाच चढवावी, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत. ती आधी एका संगणकावर आठवडाभर चालवून पाहावी आणि मगच बाकीच्यांवर घ्यावी. शाळा चालू असताना कोणीही, अगदी आम्हीसुद्धा, संगणकाला हात लावून "जरा अपडेट करून बघू" म्हणू नये.

भाषांतराचे काम आठवी-नववीच्या मुलांना द्यावे असे आमच्या मनात आहे. महिन्यातून एका शनिवारी मराठीचे शिक्षक, संगणकाचे शिक्षक आणि दहा-बारा मुले बसतील. राहिलेल्या इंग्रजी ओळी फळ्यावर लिहितील, शब्द ठरवतील आणि पहिलीच्या मुलांना वाचून दाखवतील. लहान मुलाला कळला तो शब्द पास. पूर्ण झालेले भाषांतर मूळ प्रकल्पाकडे पाठवले जाईल, म्हणजे पुढच्या आवृत्तीत ते जळगाव-धुळ्याच्या मुलांनाही दिसेल. आवाजासाठी आपल्या माता-पालकांपैकी कोणी पुढे आल्या तर आम्हाला फार आनंद होईल.

ज्या पालकांना संगणक दुरुस्तीचे किंवा लिनक्सचे काम येते, त्यांनी कार्यालयात आपले नाव आणि सुट्टीचा वार लिहून द्यावा. कामाच्या पाळीमुळे दिवसा येणे जमत नसेल तर रविवारी सकाळी कक्ष उघडा ठेवू. पहिला संगणक येत्या उन्हाळी सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात तयार करायचा आहे. त्यावरील जुन्या फायली कोणाला हव्या असतील तर त्याआधी वर्गशिक्षकांना सांगावे.

आपले,
मुख्याध्यापक