झाकण उघडा, इंजिनिअरहो!

आपल्या हॉस्टेलमध्ये दर दोन रूममागे एक गेमिंग लॅपटॉप हमखास सापडेल. घरी सांगताना तो "प्रोजेक्टसाठी लागतो" म्हणून घेतलेला असतो, आणि ते अगदीच खोटं नाही. सॉलिडवर्क्स, मॅटलॅब वगैरे मंडळीही त्यावरच चालतात. पण या लॅपटॉपच्या मालकांना विचारा, की बाबा रे, आत रॅमचे स्लॉट किती? एक भरलाय की दोन्ही? चेहरे बघण्यासारखे होतात! चार वर्षं मायक्रोप्रोसेसर, मशिन डिझाइन, हीट ट्रान्सफर घोकायचं आणि स्वतःच्या टेबलावरच्या यंत्राचं झाकण मात्र एकदाही उघडायचं नाही, हे मला काही पटत नाही.

कारण विचारलं की एकच उत्तर येतं, "वॉरंटी जाईल." स्क्रूवर चिकटवलेलं ते छोटंसं स्टिकर म्हणजे जणू देवीचा अंगारा! अमेरिकेत असली स्टिकरं लावून ग्राहकाला घाबरवणं कायद्यात बसत नाही. तिथे १९७५ पासून मॅग्नसन-मॉस कायदा आहे, आणि त्याचा हवाला देऊन २०१८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने सहा कंपन्यांना ताकीदही दिली होती. आता हा कायदा दाखवून इथला सर्व्हिस सेंटरवाला काही ऐकणार नाही, हे उघड आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'राइट टु रिपेअर'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. तेव्हा आपल्या लॅपटॉपचं वॉरंटी कार्ड आधी नीट वाचा. रॅम आणि एसएसडी ग्राहकाने बदलायला कित्येक कंपन्यांची हरकत नसते. डेल, लेनोवो, एचपी तर झाकण कसं काढायचं याच्या चित्रांसकट मॅन्युअल फुकट देतात. वाचतो कोण?

न वाचण्याची किंमत मात्र मोजावी लागते. आमच्या विंगमधल्या एकाचा लॅपटॉप तिसऱ्या वर्षी रडायला लागला. गेम दहा मिनिटं चालला की फ्रेम्स धपकन खाली, पंख्याचा आवाज गिरणीसारखा. सर्व्हिस सेंटरमध्ये "बोर्ड जुना झालाय, नवीन घेतलेला बरा," असा सल्ला मिळाला. त्याच्या वडिलांनी पहिलाच लॅपटॉप सोसायटीचं कर्ज काढून घेतलेला, नवीन कुठून घेणार? शेवटी आम्ही तो उघडला. पंखा आणि तांब्याच्या पाइपांच्या टोकाचे फिन्स यांच्यामध्ये धुळीची चक्क गादी बसली होती! हवा बाहेर पडणार कुठून? प्रोसेसर शंभर अंशांजवळ गेला की जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो, तेवढंच तो बिचारा करत होता. फिन एफिशिअन्सीचं गणित परीक्षेत आपण सगळेच सोडवतो, पण खरा फिन त्या दिवशी आमच्यातल्या बहुतेकांनी पहिल्यांदा पाहिला.

हात घालायचाच तर थोडी शिस्त हवी. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. स्क्रूची लांबी वेगवेगळी असते, म्हणून थर्मोकोलवर लॅपटॉपचा आकार काढून ज्या जागचा स्क्रू त्याच जागी खोचा. झाकणाच्या कडेचे क्लिप सोडवायला बाद झालेलं एटीएम कार्ड वापरा, पेचकस नको, प्लॅस्टिकला ओरखडे पडतात. आत शिरल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, बाकी सगळं नंतर. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला न टोचता, न दाबता थेट जाणकाराकडे जा. पंखा साफ करताना पाती बोटाने धरून ठेवा, फुंकरीने गरगर फिरवू नका.

रॅमचं सांगायचं तर, बऱ्याच स्वस्त मॉडेलांत आठ जीबीची एकच पट्टी आणि शेजारचा स्लॉट रिकामा असतो. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी डेटा देऊ शकते, दोन असल्या की ५१.२. म्हणजे दुसरी पट्टी टाकल्याने नुसती जागा वाढत नाही, रस्ताही दुपदरी होतो. फक्त डीडीआर४ च्या स्लॉटात डीडीआर५ बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते. जोर लावू नका! पट्टी तिरकी सरकवून खाली दाबायची, दोन्ही बाजूंनी 'टक' आवाज आला की झालं. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही वेळ काळीच राहते. तेवढ्यात नवस बोलायची गरज नाही. एसएसडी घेताना एनव्हीएमई की साटा हे बघा, दिसायला दोन्ही बहिणी-बहिणी, पण एकीचा वेग साडेपाचशे एमबीच्या आसपास आणि दुसरीचा तीन हजारांच्या वर.

ग्राफिक्स चिप मात्र बहुतेक गेमिंग लॅपटॉपांत बोर्डावर झाळलेली असते. चार जीबीची घेतलीत तर शेवटपर्यंत चारच. म्हणून ज्युनिअर्सना माझं सांगणं असं, की दुकानात पैसे ग्राफिक्सवर घाला, रॅम नंतर बघता येते. अर्थात २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांपायी रॅमचे भाव असे काही भडकले की हे गणितही दर वेळी नव्याने मांडावं लागतं. आणि आता तर पातळपणाच्या हौसेपायी रॅमही बोर्डावरच झाळायची टूम निघाली आहे. तसला लॅपटॉप कितीही देखणा असला तरी मी कुणाला घ्या म्हणणार नाही. दुकानदाराला किमतीच्या आधी "रॅमचे स्लॉट किती?" हे विचारा. तो गडबडला तर दुसरं दुकान बघा, लॅमिंग्टन रोडवर दुकानांना तोटा नाही.

असो. सबमिशन्स संपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही काही जण कॉमन रूममध्ये पेचकस घेऊन बसणार आहोत. ज्यांचे लॅपटॉप गिरणीसारखे वाजतात त्यांनी जरूर यावं. येताना एक रंगाचा मऊ ब्रश आणि आपल्या मॉडेलचं मॅन्युअल आणा. थर्मल पेस्टचा खर्च वर्गणीतून.