‘असं झालं तर?’

कुकर लावताना आपण शिट्टीची नळी फुंकून बघतो, रिंग तपासतो. नळी तुंबली तर वाफ जाणार कुठून, हे आपल्याला कुणी वर्गात शिकवलेलं नाही. आईला करताना पाहिलं, एवढंच!

गेल्या महिन्यात आमच्या मंडळात एका रासायनिक कारखान्याचे सुरक्षा अधिकारी आले होते. कारखान्यात हाच विचार एकेका पाइपचा नकाशा समोर ठेवून करतात, असं ते म्हणाले. त्याला ‘हॅझॉप’ म्हणतात. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत १९६०च्या दशकात ही पद्धत तयार झाली. प्रश्न अगदी साधे. गार पाणी आलंच नाही तर? कमी आलं तर? दाब वाढला तर? प्रवाह उलटा झाला तर? प्रत्येकाचं कारण, परिणाम आणि तो अडवायला काय सोय आहे, ते लिहून काढायचं.

पण लिहिलं म्हणजे झालं का? भोपाळला २ डिसेंबर १९८४च्या रात्री टाकीत पाणी शिरलं, तेव्हा टाकी गार ठेवणारं यंत्र काही महिने बंदच होतं. गळणारा वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. सोयी होत्या, चालू नव्हत्या. म्हणूनच यंत्रात काही बदललं, काही बंद ठेवलं, की हा अभ्यास पुन्हा करायला हवा. आणि त्याला नुसते इंजिनिअर बसून भागत नाही. कुठला व्हॉल्व्ह अडकतो ते रात्रपाळीच्या ऑपरेटरलाच ठाऊक असतं, कामवाल्या मावशींना जसा आपला गळका नळ!

भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याची माहिती कामगारांबरोबर आसपासच्या वस्तीलाही देणं बंधनकारक झालं. तरी डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये स्फोट झाले, कामगार गेले, आजूबाजूच्या घरांच्या काचा फुटल्या. त्या घरांतल्या किती जणींना आधी कुणी काही सांगितलं असेल?

आमच्या एका काकूंनी साहेबांना सरळ विचारलं, “भोंगा वाजला तर दारं लावून घरात बसायचं की पळायचं? आणि पळायचं तर कुठल्या बाजूला?”

“ते वायू कोणता आणि वारा कुठला, यावर ठरतं.”

“वारा आमचा आम्ही बघू. वायू कोणता ते तुम्ही सांगा ना!”

साहेब हसले, पण यादी आणतो म्हणालेत. पुढच्या बैठकीला एका ऑपरेटरलाही सोबत आणा, असं आम्ही त्यांना सांगितलंय.