तारीख चुकली की नजर जाते



ब्रिटनमधील नेत्रसेवेबद्दल ‘आधी डॉक्टर आणि यंत्रे वाढवा, कारभाराचे नंतर बघू’ हे गेल्या अंकातील पत्र मला मुळीच पटले नाही. इंग्लंडमधील काचबिंदू असलेल्या एका ३४ वर्षांच्या महिलेच्या उपचारात १३ महिन्यांची दिरंगाई झाली आणि तिची नजर गेली. जानेवारी २०२० च्या चौकशी अहवालात हे नोंदलेले आहे. तिचा आजार डॉक्टरांना ठाऊक होता. वेळेवर बोलावणे मात्र गेले नाही.

याउलट मधुमेहींची डोळेतपासणी पाहा. बारा वर्षे व त्यावरील प्रत्येक मधुमेहीचे नाव यादीत, बोलावणे घरी येते, फोटोंची तपासणीही पुन्हा पडताळली जाते. इंग्लंड-वेल्समध्ये कमावत्या वयातील अंधत्वाचे पहिले कारण आता मधुमेह नाही, हे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. हा चोख कारभारच ना?

माझ्या सासूबाईंना रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी चष्म्याच्या दुकानातून निघाली, ती रुग्णालयात पोचलीच नाही. आम्ही फोन केला म्हणून कळले. तोवर त्या रोज निमूटपणे टपालाची वाट पाहत होत्या. चिठ्ठी पोचली का, हे पाहण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती.

काचबिंदू असलेल्या वाचकांनी पुढच्या तपासणीची तारीख लेखी मागून घ्यावी, ही विनंती.

– एक वाचक, लेस्टर