मूल एक, खाती अनेक



ऊसतोड सुरू झाली की मला एक सकाळ आठवते. खोडव्याला खत किती द्यायचे हे सांगायला एका फडावर गेलो होतो. बांधालगत टोळीच्या कोप्या होत्या. आठेक वर्षांची एक पोर तान्ह्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. मी खताचा हिशेब सांगितला, चहा घेतला आणि निघालो. "बाळ, शाळेत जातेस का?" एवढेही विचारले नाही. मुले हे माझे खाते नव्हे, अशी समजूत!

सगळ्यांनी असेच म्हटले तर मूल मधल्या मध्ये राहते. म्हणून २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. सहा वर्षांखालील लेकरांचा आहार, लस, तपासणी, बालवाडी यांची सांगड अंगणवाडीत घातली गेली. २००९ मध्ये बाल संरक्षणाची एकात्मिक योजना आली. तिचेच पुढचे रूप म्हणजे मिशन वात्सल्य. जिल्ह्याला बाल संरक्षण कक्ष आणि गावाला सरपंचांच्या अध्यक्षतेखाली बाल संरक्षण समिती. तीत अंगणवाडीताई, नर्सबाई, गुरुजी आणि गावची दोन मुलेही असावीत, अशी मूळ योजना.

आता तुमच्या गावची समिती शेवटची कधी बसली, ते सरपंचांना विचारा. टोळ्या दसऱ्यानंतर निघतात. त्याआधी बैठक घ्या. कोणाची मुले जाणार, याची यादी करा. आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहू शकतील त्यांना ठेवा. जाणाऱ्यांना गुरुजींकडून शिक्षण हमी कार्ड मिळवून द्या, लसीचे कार्डही सोबत बांधा. उचल घेतली, कोयता पुरा करायचा, म्हणून पोरीचे लग्न उरकू नका. अठरा वर्षांआधी ते गुन्हा आहे, आणि ते रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे.

बागाईतदारांनो, तुमच्या फडावर टोळी उतरली की जवळच्या शाळेला आणि अंगणवाडीला कळवा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षाच्या मध्येही शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. २००९ चा कायदा तसे सांगतो. मूल संकटात दिसले तर १०९८ फिरवा. पैसे पडत नाहीत.

मी आता फडावर गेलो की आधी कोपीकडे वळतो. खताचे नंतर बोलतो.