ताकद वाढली, क्लचचं काय?



या सदरात आपण याआधी टायर आणि ब्रेक यांच्याबद्दल बोललो. आज क्लच. तोही साध्या गाडीचा नाही, तर ट्यूनिंग करून ताकद वाढवलेल्या डिझेल पिकअपचा. विषय थेट माझ्या गावाहून, मयेहून आला आहे. मेकॅनिकलमध्ये बीई करून मी सॉफ्टवेअरमध्ये गेलो, तरी घरच्यांच्या लेखी मी अजून ‘गाड्यांचा इंजिनीअर’च आहे. त्यामुळे असे प्रश्न माझ्या फोनवर येतातच.

माझा आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, मयेत केटरिंगचा धंदा करतो. त्यामागची गोष्ट डिचोलीतल्या अनेक घरांची आहे. शिरगाव, मुळगाव, लामगाव, मये हा सगळा खाणींचा पट्टा. इथे घराघरांतून कर्ज काढून खनिजाचे टिपर घेतले गेले. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे काही सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. आतोबांचा टिपर बरेच दिवस अंगणात उभा राहिला आणि शेवटी विकला गेला. आत्याच्या हाताच्या चवीवर केटरिंग सुरू झालं, ते दादाने वाढवलं. मोठी भांडी, शेगड्या, भाजीच्या गोणी हे सगळं वाहायला त्याने सेकंडहँड डबल कॅब पिकअप घेतला. घर आता त्या गाडीवर चालतं.

गाडी घाटात जरा दमते म्हणून दादाने एका शहरात जाऊन इंजिनाच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग करून घेतलं. मूळ टॉर्क ३६० न्यूटन-मीटर. ट्यूनिंगवाल्याने तो ४५० झाल्याचं सांगितलं. दोन महिने दादा खूश होता. मग बेळगावहून भाजी आणायला जाताना चोर्ला घाटाच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे एकदम वाढले, वेग मात्र तेवढाच राहिला, आणि केबिनमध्ये जळका वास आला. शेजारी बसलेल्या आतोबांनी एका वाक्यात निदान केलं: “गाडी बोब मारता, पूण धांवना.” पंचवीस वर्षं टिपर चालवलेल्या माणसाला आणखी काही पाहायची गरज नव्हती. क्लच स्लिप मारत होता.

घरी परतल्यावर दादाने मला तीन पर्याय पाठवले. पहिला, कंपनीचाच मूळ सेट. दुसरा, मूळ प्रकारच्याच ऑरगॅनिक लायनिंगचा, पण जास्त दाबाच्या प्रेशर प्लेटचा हेवी ड्यूटी सेट. तिसरा, सिरॅमिक बटणांचा, ‘स्टेज ३’ नावाचा. त्याचा कल तिसऱ्याकडे होता. “एकदाच काय ते मजबूत टाकतो, मग कटकट नको.”

कटकट नको हे बरोबर. पण सगळ्यात मजबूत क्लच घातला की कटकट संपते का, ते आधी पाहू.

क्लच नेमकं काय करतो

इंजिनाला फ्लायव्हील जोडलेलं असतं. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर क्लच प्लेट असते. प्रेशर प्लेट आपल्या स्प्रिंगच्या जोराने क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. दोन पोळपाटांमध्ये घट्ट दाबलेली भाकरी डोळ्यांपुढे आणा. पोळपाट फिरले की भाकरीही फिरते. पायाने पेडल दाबलं की दाब सुटतो आणि भाकरी मोकळी होते.

ही पकड किती टॉर्क पेलेल, हे चार गोष्टींवर ठरतं: घासणाऱ्या बाजू किती (साध्या क्लचला दोन), लायनिंगची घर्षणाची क्षमता किती, स्प्रिंगचा दाब किती आणि प्लेटची सरासरी त्रिज्या किती. या चारांचा गुणाकार म्हणजे क्लचची क्षमता. यात हॉर्सपॉवर कुठेच येत नाही. क्लचला फक्त टॉर्क कळतो. डिझेल इंजिन भरपूर टॉर्क अगदी कमी फेऱ्यांवर देतं, म्हणून क्लचची परीक्षा हायवेवर पळताना कमी आणि चढावर वरच्या गिअरमध्ये जास्त होते.

आता हिशेब मांडू. आकडे समजण्यासाठी सोपे धरले आहेत, दादाच्या गाडीचे मोजलेले नाहीत. दोन बाजू, घर्षणांक ०.३, दाब ८,००० न्यूटन, सरासरी त्रिज्या ०.१ मीटर. गुणाकार ४८० न्यूटन-मीटर. इंजिन ३६० देत असेल तर हातात सुमारे ३३ टक्के शिल्लक राहते. कंपनी ही शिल्लक मुद्दाम ठेवते, कारण लायनिंग झिजतं, तापतं आणि गाडीत कधी जास्त ओझंही पडतं.

ट्यूनिंगनंतर इंजिन ४५० देऊ लागलं. गाडी थंड असताना ४८० ची क्षमता अजूनही पुरते, म्हणूनच दादाचे दोन महिने मजेत गेले. घाटात क्लच तापला आणि घर्षणांक ०.२५ वर आला की क्षमता उरते ४००. इंजिन ४५० देतंय, क्लच ४०० पेलतोय. उरलेलं सगळं घसरण्यात जातं.

घसरण्यात किती उष्णता होते? ४०० न्यूटन-मीटरचा भार असताना मिनिटाला फक्त ३०० फेऱ्यांची घसरण झाली, तरी साडेबारा हजार वॅट उष्णता तयार होते. म्हणजे घरातले दोन हजार वॅटचे सहा गिझर एका जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत एकदम सुरू केल्यासारखं. क्लच तापला की पकड कमी, पकड कमी की घसरण जास्त, घसरण जास्त की तो आणखी तापतो. या चक्रात क्लच एका घाटात संपू शकतो.

तीन पर्याय, तीन स्वभाव

कंपनीचा मूळ सेट ४५० ला पुन्हा तसाच हरणार. ट्यूनिंग मागे घ्यायचं असेल तर मात्र तो उत्तम.

हेवी ड्यूटी सेटमध्ये लायनिंग ऑरगॅनिकच असतं, दाब वाढवलेला असतो. आपल्या हिशेबात दाब १०,००० केला तर थंड असताना ६०० आणि तापल्यावर ५०० मिळतात. किंमत द्यावी लागते ती पायाला: पेडल जड होतं आणि रिलीज बेअरिंगवरचा भारही वाढतो.

सिरॅमिकमध्ये घर्षणच जास्त. ०.४ धरलं तर मूळ दाबावरही ६४०, आणि उष्णताही तो चांगली सोसतो. मग तोच का नको? कारण सिरॅमिक हळूहळू धरत नाही. पेडल सोडताना तो एकतर सुटा असतो किंवा एकदम पकडतो, आणि गाडी हिसका देते. रेसिंगमध्ये ते चालतं. दादा मात्र पणजीकडे जाताना बऱ्याचदा चोडणच्या फेरीने रायबंदरला उतरतो. उतारावरून रिव्हर्समध्ये इंच-इंच, पुढे स्कूटर, मागे फेरीचं फळकूट, आणि गाडीत रस्स्याने भरलेली भांडी. तिथे हाफ क्लचवर गाडी मुंगीच्या पावलाने चालवता आली पाहिजे. हिसका बसला तर रस्सा वऱ्हाडाच्या ताटात पडायच्या आधीच सांडेल.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. घरातल्या वायरिंगमध्ये जसा फ्यूज, तसा गाडीत क्लच. अवाजवी झटका आला की तो थोडा घसरतो आणि मागच्या भागांना वाचवतो. फ्यूजच्या जागी जाड तार बसवली तर फ्यूज उडायचा थांबतो, पण पुढचा दोष वायर जळून कळतो. क्लच ६४० चा केला तरी गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट आणि मागचा ॲक्सल कंपनीने ३६० च्या हिशेबानेच दिलेले आहेत. क्लच बदलता येतो. भर लग्नसराईत गिअरबॉक्स उघडावा लागला तर धंदा बसतो.

कंपन्याही हाच विचार करतात असं दिसतं. टोयोटाच्या हायलक्समध्ये २.८ लिटरचं तेच इंजिन ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर देतं आणि मॅन्युअलला ४२०. महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनच्या जास्त ताकदीच्या डिझेलमध्येही ऑटोमॅटिकला ४०० आणि मॅन्युअलला ३७०. इंजिन जास्त देऊ शकतं हे माहीत असूनही त्यांनी मॅन्युअलमध्ये हात आखडता घेतला.

आम्ही काय ठरवलं

मी हा हिशेब फोनवर सांगितला. दादा म्हणाला, “पण ताकद कमी केली तर ट्यूनिंगचे पैसे फुकट गेले ना?” तेवढ्यात आत्याने त्याच्या हातातून फोन घेतला. “पैसे गेले ते गेले. मला भांडी वेळेवर मांडवात पोचलेली हवीत. तेवढं बघ.”

तिने प्रश्न नेमका मांडला होता. गाडीचं काम रोज, वेळेवर, ओझं घेऊन जाणं. घाटात दोन गाड्या जास्त ओव्हरटेक करणं हे काम नाही. शेवटी दादाने ट्यूनिंग ४०० च्या आसपास आणायला सांगितलं आणि हेवी ड्यूटी ऑरगॅनिक सेट घेतला. आपल्या हिशेबाने तापलेल्या अवस्थेतही २५ टक्के शिल्लक राहते. आतोबांची अट एकच होती: “चढावर गिअर आधी खाली घे. क्लचने गाडी ओढू नको.” माझ्या गुणाकाराइतकंच मोलाचं वाक्य आहे ते.

तुमच्यावर ही वेळ आली तर

आधी खात्री करा. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. फेरे वाढले आणि वेग वाढला नाही तर घसरण आहे. पण लगेच प्लेटलाच दोष देऊ नका. इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल गळून लायनिंगवर आलं, किंवा पेडलची हायड्रॉलिक यंत्रणा पूर्ण परत येत नसेल, तरी लक्षणं हीच दिसतात. ते तसंच ठेवून घातलेला नवा क्लचही जाईल.

‘स्टेज १, २, ३’ या नावांना कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही. एका विक्रेत्याचा २ हा दुसऱ्याचा ३ असू शकतो. क्लच किती न्यूटन-मीटर पेलतो आणि लायनिंग कशाचं आहे, एवढंच विचारा. आकडा न सांगणाऱ्याकडून घेऊ नका.

गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच द्यायची असेल तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदला. फ्लायव्हील तपासून घ्या. ते ड्युअल मास प्रकारचं असेल, म्हणजे आत स्प्रिंग असलेलं दोन भागांचं, तर डिझेलचे धक्के तेच शोषतं. त्याच्या जागी साधं भरीव फ्लायव्हील बसवायचा सल्ला मिळतो. ते टिकाऊ असतं, पण गिअरबॉक्सचा खडखडाट आणि थरथर वाढू शकते, हे माहीत असू द्या.

नवा क्लच बसला की पहिले ५०० ते १,००० किलोमीटर सबुरीने चालवा, म्हणजे लायनिंग नीट बसतं. सिग्नलला पाय पेडलवर ठेवून उभं राहू नका, आणि चढावर थांबलात तर हँडब्रेक ओढा.

कागदांचंही पाहा. ट्यूनिंग केलं की वॉरंटीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या नोंदलेल्या मूळ तपशिलात बदल करण्यावर बंधनं आहेत, आणि एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांचे धुराचे निकषही कडक आहेत. ट्यूनिंगवाल्याच्या दुकानात शिरण्याआधी हे वाचा, नंतर नको.

आपल्या पिढीला प्रत्येक गोष्ट अपग्रेड करायची सवय आहे, आणि ती वाईट नाही. फक्त एक भाग वाढवला की त्याच्या पुढच्या भागाला काय सोसावं लागेल, ते आधी विचारावं. दादाची गाडी सध्या तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईची तयारी करते आहे.

तुमच्या घरच्या गाडीचा काही प्रश्न असेल तर मंडळाच्या पत्त्यावर जरूर कळवा. पुढच्या अंकात डिझेलमधल्या पाण्याबद्दल आणि पावसाळ्यात फिल्टरची काळजी कशी घ्यायची त्याबद्दल बोलू. तोवर सांभाळून चालवा!