‘कुणाला सांगू?’ याचं उत्तर आधी द्या



घातपाताच्या गुन्ह्यात एखादा तरुण पकडला गेला की त्याच्या इमारतीखाली कॅमेरे लागतात आणि शेजाऱ्यांना ठरलेला प्रश्न विचारला जातो : ‘तुम्हाला काहीच कसं कळलं नाही?’ माझा अनुभव सांगतो, पुष्कळदा कळलेलं असतं. सांगायचं कुणाला, हे कळत नसतं.

मी कल्याणमध्ये 28 वर्षं शाळेत शिकवलं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याची आई घरी आली. समोरच्या चहाला तिने हात लावला नाही. पोरगा रात्र रात्र मोबाइलमध्ये असतो, जुने मित्र तोडलेत, आणि जेवताना ‘त्या लोकांना’ संपवायला हवं असं अगदी शांतपणे बोलतो, एवढं सांगून ती म्हणाली, “सर, कुणाला सांगू?” मी घाईघाईने म्हणालो, “पोलिसांत तेवढं जाऊ नका.” मुलाचा धर्म मी मुद्दामच लिहीत नाही. वाचणाऱ्याने मनात कोणता धरला, ते त्याने स्वतःशीच तपासावं.

माझा तो सल्ला भित्रा होता, पण निराधार नव्हता. 2006 च्या मालेगाव स्फोटांत पकडलेल्या नऊ जणांना पाच वर्षांनी जामीन मिळाला आणि 2016 मध्ये न्यायालयाने त्यांच्यातल्या हयात असलेल्यांना आरोपमुक्त केलं. आमच्या कल्याणचे चार तरुण 2014 च्या मे महिन्यात यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर इराकला गेले आणि तिथून ‘इसिस’कडे वळले. त्यांतला एक त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परतला. उच्च न्यायालयाने त्याचा जामीन कायम केला तो 2021 मध्ये; तोवर सहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेला होता. कायद्याचं काम कायद्याने केलं असेल. पण हे पाहिलेली आई आपल्या पोराचं नाव स्वतःहून चौकीत नेऊन देईल, ही अपेक्षा कोण करणार?

आणि गप्प बसण्याचीही किंमत असतेच. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. त्या खुनासाठी 2024 च्या मे महिन्यात ज्या दोघांना जन्मठेप झाली, ते मराठवाड्यातले तरुण होते. बाहेरच्या देशातून कुणी आलं नव्हतं. ‘हे त्यांच्याकडे होतं, आपल्याकडे नाही’ असं म्हणायची सोय महाराष्ट्रात कुणालाच उरलेली नाही.

मग ओळखायचं कशावरून? दाढी वाढली, बुरखा आला, कपाळावर टिळा आला, नमाज किंवा आरती चुकेनाशी झाली, यांतलं काहीही खूण नाही. धार्मिक होणं हा ज्याचा त्याचा अधिकार आहे. पाहायचं ते माणसांशी असलेलं नातं. काल जिवाभावाचे असलेले मित्र आज ‘गद्दार’ ठरले का? प्रत्येक दुःखाला एकच शत्रू सापडतो का? हिंसेचे व्हिडिओ तो चवीने पाहतो का? आणि शस्त्रांची चौकशी, लपवलेला दुसरा फोन, कारण नसताना देणी चुकती करणं, निरोप घेतल्यासारखं बोलणं दिसलं, तर वाट पाहायची नाही. ठोस बेत कानावर आला तर 112 ला पर्याय नाही. तिथे माया आड आणू नये. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर मात्र नाव टाकू नये. ती खबर नसते, बदनामी असते.

खरी अडचण आहे ती त्याच्या अलीकडच्या टप्प्याची. गुन्हा घडलेला नाही, पण काळजात धस्स झालंय, अशा वेळी जायला दार नाही. वास्तविक आपल्याच पोलिसांनी हे दार एकदा उघडून दाखवलं आहे. 2015 मध्ये पुण्यातली 16 वर्षांची एक मुलगी इंटरनेटवरून ‘इसिस’च्या नादी लागल्याचं दहशतवादविरोधी पथकाच्या लक्षात आलं, तेव्हा तिला अटक न करता घरच्यांना आणि धर्म जाणणाऱ्यांना सोबत घेऊन तिचं समुपदेशन केलं गेलं. जे एका मुलीसाठी जमलं, त्याची व्यवस्था का होऊ नये?

यावर ‘घराघरांत खबरे नेमायचे का?’ असा आक्षेप येईल, आणि तो खराच आहे. ब्रिटनने 2015 मध्ये शाळा-रुग्णालयांवर माणसं दहशतवादाकडे ओढली जाऊ नयेत याकडे लक्ष देण्याचं कायदेशीर बंधन घातलं, तेव्हा मुस्लिम समाजातून आणि शिक्षकांतूनही पाळतीची तक्रार झाली. दुसरीकडे, 2024 मध्ये ब्रिटनमध्येच साउथपोर्टला तीन मुलींचा जीव घेणाऱ्या तरुणाबद्दल याच कामाच्या सरकारी यंत्रणेकडे आधी तीनदा कळवलं गेलं होतं. त्याची ठरावीक विचारसरणी दिसेना म्हणून प्रत्येक वेळी फाइल बंद झाली. सक्तीने संशय वाढतो, आणि कळवल्यावर पुढे कुणी काही केलं नाही तर कळवणंही वाया जातं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. महिला, मुलं आणि ज्येष्ठांसाठी पोलिसांचे ‘भरोसा सेल’ अनेक शहरांत आहेतच. तिथे अशा घरांसाठी एक समुपदेशक बसवा. आलेल्याचं नाव गुप्त राहील, गुन्ह्याची तयारी दिसल्याशिवाय प्रकरण तपासाकडे जाणार नाही आणि सगळ्या धर्मांना एकच माप लागेल, हे लेखी जाहीर करा.

त्या मुलाशी मी पुढे वर्षभर दर रविवारी बोलत राहिलो. तो सावरला, आज नोकरी करतो. पण ती माझी हुशारी नव्हती. त्याला माझं ऐकावंसं वाटलं, एवढंच. त्याच्या आईच्या प्रश्नाला आजही माझ्याकडे पत्ता नाही.

– एक निवृत्त शिक्षक, कल्याण